ओढ्यापलीकडचं दूध

सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याच्या काठाने वसलेलं चिंचसावळी हे लहानसं गाव. त्या गावाचं भाग्य असं, की निवांतनाथ महाराज फिरत फिरत तिथे आले, पाटलांच्या पडीक गोठ्यात एका पावसाळ्यापुरते म्हणून टेकले आणि तिथलेच होऊन गेले. गावाने गोठा शेणामातीने सारवला, गव्हाणीच्या जागी देव मांडले आणि त्याला मठ म्हणायला सुरुवात केली. महाराज मात्र शेवटपर्यंत गोठाच म्हणत. "गाईची जागा आहे, बाबांनो. इथे बसणाऱ्याने मारकं असू नये," असं म्हणून हसत.

महाराजांपाशी मंत्रतंत्र नव्हते, मोठे उपदेशही नव्हते. सांजेची आरती झाली, की फुटाणे-गुळाचा प्रसाद वाटण्याआधी ते बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवत आणि विचारत, "आज कोणाच्या हातून काय बरं घडताना दिसलं?" अट एवढीच, की स्वतःचं सांगायचं नाही, दुसऱ्याचं सांगायचं. महाराज म्हणत, "देव देवळात दिसला तर त्यात नवल काय? तिथे त्याला आपणच नेऊन बसवलाय. तो माणसाच्या हातात दिसला पाहिजे. आणि दिसला की सांगितला पाहिजे."

भाविकहो, ऐकायला सोपं वाटतं. पण दुसऱ्याचं उणं सांगा म्हटलं असतं, तर त्या गोठ्यात जागा पुरली नसती! बरं सांगायचं म्हटलं की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटे.

रोज न चुकता सांगायची ती एकटी गिरजा कोष्टीण.

गिरजेचा नवरा मागावर लुगडी विणायचा आणि गिरजा त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. तिचा पहिला मुलगा, राघू, तापाने गेला होता. दुपारची वेळ होती. तापलेलं पोर रडून रडून गप्प झालं, तेव्हा गिरजेला वाटलं, निजला बिचारा. पोर निजलंय तोवर काम उरकावं म्हणून ती भराभरा रहाट फिरवत राहिली. मनातून सुखावलीसुद्धा. काम संपवून पाळण्याशी गेली, तेव्हा राघू कधीच गेलेला होता.

त्या दिवसापासून गिरजेचा डोळा निवला नाही. पुढे मुलगी झाली, सोनी. तिच्या छातीवर हात ठेवल्याशिवाय आईला घास उतरेना. पोर शिंकलं तरी हिचा जीव गोळा. कोण कुठून येतंय, काय हाललं, कुठे आवाज झाला, सगळीकडे हिचे डोळे भिरभिरत. अशीच ती एकदा महाराजांच्या पायाशी येऊन कोसळली. "महाराज, मला बघायचं थांबवा. मला झोप द्या."

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पोरी, एकदा असं जागं झालेलं मन मला निजवता येत नाही. पण जागंच राहायचं, तर नुसतं वाइटाच्या पाळतीवर का राहायचं? तुझे डोळे आता पुष्कळ बघतात. त्यातलं एखादं बरं रोज मला आणून देत जा."

आणि गिरजा आणून देऊ लागली. कुंभाराच्या म्हाताऱ्याने शेळीच्या खुरातला काटा काढला. सासुरवाशिणीची घागर जड होती, तर रखमाने बोलता बोलता आपली रिकामी तिच्या हातात दिली आणि भरलेली स्वतः घेतली. न्हाव्याने आंधळ्या तुकारामबाबांची दाढी करून वर आरसाही धरला, त्यांना बरं वाटावं म्हणून. असलंच सगळं. महाराज हात जोडून ऐकत आणि ज्याचं नाव निघे त्याला पहिला प्रसाद देत.

बायका मात्र पदराआड फिदीफिदी हसत.

"आली गं, गावची दवंडी आली."

"आज काय, मांजराने उंदराला सोडलं का गं गिरजे?"

"टक लावून बघते मेली. लागायची एखाद्याला हिची नजर."

आणि सर्वांत जास्त सलत होतं ते आक्कासाहेब देशमुखांना. मालक वारल्यापासून देशमुखांचं घर त्या एकहाती चालवीत. करारी बाई. द्वादशीला त्यांच्या ओसरीवर पंगती उठत, वाजंत्री वाजत. पण गिरजेच्या तोंडून त्यांच्या घराचं नाव काही निघेना. शेवटी एकदा त्यांनी तिला मठाच्या पायरीवरच गाठलं.

"काय गं, आमच्या पंगतीत तूही जेवलीस ना? ते नाही दिसलं? न्हाव्याचा आरसा बरा दिसला!"

गिरजा गोंधळून गेली. "आक्कासाहेब, ते तर सगळ्यांनाच दिसलं. मी वेगळं काय सांगू?"

"सांगशील कसं? डोळे फुटलेत," म्हणून आक्कासाहेब फणकाऱ्याने निघून गेल्या. गिरजेच्या मनाला ते लागून राहिलं. तिला खरंच वाटलं, की देशमुखांच्या घरचं काही तरी बरं आपल्या दृष्टीला पडावं.

आणि ते पडलं. हाय रे दैवा, तेच पडायचं होतं!

सुगीच्या तोंडावर विळे-कोयते शेवटायला, धार लावून द्यायला, फिरत्या लोहारांचं, घिसाड्यांचं बिऱ्हाड यायचं. त्या वर्षीही गावाबाहेरच्या चिंचेखाली त्यांची भट्टी पेटली. त्यांच्यातल्या शेवंतीच्या कडेवर तान्हं मूल होतं. वाटेत उपासमार झाली होती आणि तिचं दूध आटलं होतं. पोर दिवसभर कण्हायचं. गावातून सगळ्यांना ऐकू येत होतं. ऐकू येऊनही काय करायचं, म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले होते.

आक्कासाहेबांची सून वेणू तेव्हा ओली बाळंतीण होती. एके दिवशी टळटळीत उन्हात गिरजा देशमुखांच्या परसामागून सूत वाळवून येत होती. कुंपणाच्या फटीतून तिला दिसलं, की वेणू कडब्याच्या गंजीआड बसली आहे आणि तिच्या मांडीवर घिसाड्याचं काळंसावळं पोर आहे. शेवंती दूर बोळाच्या तोंडाशी पाठ करून उभी होती, कोणी येतंय का बघायला. पोर चुटुचुटु पीत होतं. पिता पिता त्याने वेणूच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली होती आणि पायाची बोटं ते उघडत होतं, मिटत होतं. वेणूचं स्वतःचं बाळ शेजारी टोपल्यात वाट बघत पडलं होतं.

गिरजेच्या डोळ्यांना धारा लागल्या. राघू गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या धारा दुःखाच्या नव्हत्या.

त्या सांजेला महाराजांनी विचारायचा अवकाश, गिरजा उठून उभी राहिली आणि भर मठात सांगून मोकळी झाली! सांगताना तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, आता आक्कासाहेबांचं मन भरेल. लपूनछपून झालेलं काम लपूनच राहावं असं करणाऱ्याला वाटत असेल, हे त्या भोळ्या जिवाच्या ध्यानातच आलं नाही.

महाराजांनी डोळे मिटून हात जोडले. "आक्कासाहेब, केवढी पुण्याई तुमच्या उंबऱ्याची!"

पण आक्कासाहेब उठल्या होत्या. तोंड पांढरंफटक. आजूबाजूला कुजबुज चालू झाली होती. "देशमुखांचं दूध? घिसाड्याला?" प्रसाद न घेताच त्या चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे महाराज ठरल्याप्रमाणे घाटाखालच्या गावी नामसप्ताहाला गेले. इकडे आक्कासाहेबांनी परसाच्या दाराला कुलूप घातलं. वेणूला म्हणाल्या, "कुळाचं दूध उकिरड्यावर सांडलंस! आता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर बघ." आणि गडी पाठवून घिसाड्यांना चिंचेखालून उठवलं. ते बिचारे पालं गुंडाळून ओढ्यापलीकडच्या माळावर गेले. तिथे सावलीला झाड नव्हतं की आडोशाला भिंत नव्हती.

गिरजेला कळलं तेव्हा ती तांदळाची पेज घेऊन माळावर धावली. पण उशीर झाला होता. पालापाशी शेवंती बसली होती आणि तिच्यासमोर दगडांचा एक ढीग होता. इतका लहान, की आधी गिरजेला वाटलं चूल मांडलीय.

शेवंतीने वर पाहिलं. "मठात तूच सांगितलंस म्हनं."

"हो."

"का गं?"

"मला... चांगलं वाटलं म्हणून."

शेवंतीने मान फिरवून दगडांकडे नजर लावली. शिव्या दिल्या असत्या तर गिरजेला बरं वाटलं असतं. तिने पेज तिथेच ठेवली आणि घरी कशी आली, तिचं तिलाच कळलं नाही.

इकडे ही बातमी वेणूच्या कानावर गेली आणि त्या पोरीने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवेना, बोलेना. तिचं दूध आटलं. आक्कासाहेबांचा एकुलता एक नातू भुकेने टाहो फोडू लागला. शेळीचं दूध घातलं, ते उलटून पडलं. गाईचं पाणी घालून दिलं, तेही ठरेना. आक्कासाहेबांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि अंगणात उभं राहून साऱ्या आळीला ऐकवलं, "त्या कोष्टिणीची नजर आहे ही! कुंपणाच्या फटीतून बघितलंन माझ्या सुनेला, तेव्हाच दूध नजरावलं!"

झालं! गिरजा दिसली की बाया पोरांची तोंडं पदराखाली घेऊ लागल्या. पाणवठ्यावर ती आली की वाट रिकामी होई. गावात दुसऱ्या लेकुरवाळ्या होत्या, पण देशमुखांच्या बाळाला अंगावर घ्यायला एकही पुढे येईना. "त्या नजरेतलं पोर आहे, आपलंही आटायचं," अशी धास्ती. ज्या भीतीने आक्कासाहेबांनी गिरजेला वाळीत टाकलं, त्याच भीतीने त्यांच्या नातवाची वाट अडवली. पण हे तेव्हा त्यांना कोण सांगणार?

आणि गिरजा? तिला ते सारं खरं वाटू लागलं. राघूच्या पाळण्याकडे सुखाने बघितलं, राघू गेला. घिसाड्याच्या पोराकडे सुखाने बघितलं, ते गेलं. सोनीला भरवताना ती भिंतीकडे बघू लागली. पोर हाताने तिचा चेहरा वळवायचं, "आई, बघ ना," म्हणायचं आणि गिरजा डोळे गच्च मिटून घ्यायची. ज्या माउलीने लेकरू गमावलंय तिलाच कळेल, डोळ्यांसमोरचं लेकरू न बघता जगणं काय असतं.

सप्ताह आटोपून महाराज परतले. गावात शिरताच त्यांना सगळं कळलं. ते मठात न जाता थेट कोष्ट्याच्या घरी आले आणि उंबऱ्यातच बसले. गिरजा पदराने डोळे झाकून आत कोपऱ्यात होती.

"महाराज, माझ्याकडे नका बघू. मी आता काही बघायची नाही. काही सांगायची नाही. मी सांगितलं आणि मूल गेलं."

"गिरजे," महाराज म्हणाले, "मूल तुझ्या सांगण्याने गेलं नाही. दार लावल्याने गेलं. सांगितलेलं त्या गोठ्यात सगळ्यांनी ऐकलं होतं. एकजण जरी उठून त्या माउलीच्या पालापाशी गेला असता, तर मूल राहिलं असतं. मीही ऐकलं आणि सप्ताहाला निघून गेलो. मला वाटलं, ऐकलं म्हणजे झालं."

महाराजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. संतांना रडताना गावाने कधी पाहिलं नव्हतं!

तेवढ्यात आळीत गलका झाला. महाराज आल्याचं कळून आक्कासाहेब तशाच अनवाणी धावत आल्या होत्या. छातीशी नातू. त्याच्या रडण्यात आता आवाजही राहिला नव्हता. नुसतं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"महाराज, अंगारा द्या! काय मागाल ते देते. सोन्याचा कळस चढवते मठाला. एवढा वाचवा!"

"अंगारा माझ्यापाशी नाही, आक्कासाहेब. देव या मुलाला वाचवणार असेल, तर ते त्या घिसाडणीच्याच हातून, ओढ्यापलीकडे. चला."

आक्कासाहेबांना उमगलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. "तिथे? मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"जाल त्याच तोंडाने. गिरजे, ऊठ. वाट तुला ठाऊक आहे. तू पुढे हो."

ऊन माथ्यावर आलं होतं. पुढे गिरजा, तिच्यामागे महाराज आणि सर्वांत मागे ठेचकाळत येणाऱ्या देशमुखांच्या आक्कासाहेब. ज्या बाईच्या मेण्याला गाव वाट देई, तिचे पाय माळावरच्या कुसळांनी रक्ताळले.

शेवंती त्या दगडांपाशीच बसलेली होती. मंडळींना पाहून ती उठली नाही. महाराज तिच्यासमोर मातीत बसले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"माई, मी मागायला आलोय. नाही म्हणालीस तरी तुझाच अधिकार आहे. पायाची धूळ घेऊन परत जाईन."

शेवंतीने बाळाकडे पाहिलं, आक्कासाहेबांकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसणं पाहून अंगावर काटा यावा.

"माझ्यापाशी कुठलं दूध, महाराज? असतं तर हा हितं दगडाखाली निजला असता व्हय?"

आक्कासाहेबांनी गिरजेकडे पाहिलं. जिला त्यांनी डोळेफुटकी म्हटलं होतं, तिच्याकडे! जणू म्हणत होत्या, तूच काही तरी बोल.

गिरजा शेवंतीजवळ टेकली. तिची मान वर होत नव्हती. मग तिने बळ करून डोळे उघडले.

"शेवंताबाई, तू त्या दिवशी पाठ करून उभी होतीस. तुला दिसलं नाही. मी पाहिलंय, ते तुला सांगते. तुझं बाळ अधाशासारखं नव्हतं पीत. मजेत पीत होतं. वेणूबाईची वाटी मुठीत धरली होती त्यानं. पायाची बोटं अशी हलवत होतं. पोट भरलं तसं त्यानं तोंड सोडलं, ओठाच्या कडेला दूध होतं. आणि हसलं गं झोपेत. वेणूबाईचं पोर टोपल्यात वाट बघत होतं, तरी तिने तुझ्याला आधी पोटभर दिलं. तुझं बाळ उपाशी नव्हतं त्या दिवशी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

शेवंती ऐकत होती. तिच्या कोरड्या चेहऱ्यावर काहीतरी तडकलं.

"हसलं?"

"हसलं."

"मला न्हाई दिसलं," शेवंती म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या गळ्यातून हुंदका फुटला. ती पुढेमागे झुलत रडत राहिली.

रडणं ओसरलं तसं तिने हात पुढे केले. "आणा हिकडं. कोरड्या थानाला लावते. निदान येकटं तरी वाटायचं न्हाई त्याला."

आक्कासाहेबांनी नातू तिच्या ओटीत ठेवला. महाराजांनी डोळे मिटले आणि उजवा हात शेवंतीच्या मस्तकावर ठेवून नाम घेऊ लागले. बाळ ओठांनी चाचपडलं, चिकटलं, सुटलं, परत चिकटलं. आणि भाविकहो, काय सांगावं! त्या उपाशी, शोकाने सुकलेल्या देहाला पान्हा फुटला. आधी थेंब, मग धार. बाळाच्या घशातून गटकन आवाज झाला. शेवंतीची फाटकी चोळी चिंब झाली.

गिरजेने हात जोडले. आक्कासाहेबांच्या तोंडून "देवा!" एवढंच निघालं.

पण शेवंती किंचाळली. "आता? आता आलं व्हय?" एका हाताने बाळाला धरून ती दुसऱ्या हाताची मूठ जमिनीवर आपटू लागली. "माझा हितं निजलाय आन् आता आलं? महाराज, तवा का न्हाई आलं? सांगा मला. तवा का न्हाई?"

महाराजांनी तिची ती मूठ हातात घेतली.

"माझ्यापाशी याचं उत्तर नाही, माई. असतं तर तुझ्यापासून लपवलं नसतं. मी त्यालाच विचारीन. जन्मभर विचारीन."

शेवंती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी ज्ञानाच्या चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर तिने बाळ खाली ठेवलं असतं, असं गिरजेला वाटलं. पण ते तिच्याइतकेच रिते होऊन समोर बसले होते. शेवंतीची मूठ हळूहळू सैल झाली. तिने बाळाला सावरून नीट धरलं.

तेव्हा देशमुखांच्या आक्कासाहेब त्या तापल्या मातीत गुडघ्यांवर आल्या. आधी त्यांनी त्या लहान दगडांवर कपाळ टेकवलं. मग शेवंतीच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसंच राहू दिलं. "मला माफ कर म्हणायची माझी लायकी नाही," त्या पुटपुटल्या. शेवंतीला पाय मागे घेता येईनात. मांडीवर बाळ पीत होतं.

तिने माफ केलं असं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "उठा, बाई. पोराच्या डोळ्यावर ऊन येतंय. पदर धरा."

आक्कासाहेब उठल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी पसरून त्या घिसाडणीच्या आणि तिच्या मांडीवरच्या नातवाच्या माथ्यावर धरला आणि उन्हात उभ्या राहिल्या. हात भरून आले, तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत. बाळ पोटभर पिऊन झोपेपर्यंत.